शून्य हार की एक हार? डिसेंबरातल्या त्या रविवारी घरच्या टेबलावर टीम कशा निवडायच्या

अमेरिकेतल्या कॉलेज फुटबॉलमध्ये (चेंडू हातात धरून पळायचं ते) अजिंक्यपदासाठी कुठल्या टीम खेळणार हे दर डिसेंबरात एक समिती निवडून ठरवते. तीच निवड आम्ही घरी करतो. लागणारं सामान फार नाही. रेसिपी लिहायची कोरी कार्डं, लाल चिकटपट्टी, एक पाकीट, आणि कडाक्याचं भांडण झालं तरी दुसऱ्या दिवशी ज्यांच्या दारात विरजण मागायला जाता येईल अशी चार माणसं. मिसळ असली तर उत्तम, नाहीतर पोहे चालतात. वेळ सकाळी नऊची, डिसेंबरातल्या त्या रविवारची, ज्याच्या आदल्या दिवशी बहुतेक कॉन्फरन्सच्या, म्हणजे टीमच्या गटांच्या, फायनल उरकलेल्या असतात. बारा वाजता टीव्हीवर खरी यादी येते. त्याआधी आपली तयार पाहिजे, नाहीतर मग सगळेच शहाणे.

मी ओहायोत, कोलंबसला राहते. पगारपत्रकं तपासायची नोकरी करते. इथलं फुटबॉल पहिली दहा वर्षं मला ढिम्म कळलं नाही. ह्यांची पीएचडी ओहायो स्टेटची, त्यामुळे शरद ऋतूतले शनिवार घरात कुणी मोठ्यानं बोलायचं नाही एवढंच मला ठाऊक. मग मुलगी शिकायला फ्लोरिडा स्टेटला, टॅलाहासीला गेली, आणि ३ डिसेंबर २०२३ ला दुपारी पाऊणच्या सुमारास तिचा फोन आला. रडत नव्हती. रडली असती तर बरं वाटलं असतं. "आई, तेरा मॅच खेळलो, तेराही जिंकलो. मग बाहेर कसे गं?" त्या प्रश्नाला उत्तर देण्यासाठी नाताळच्या सुट्टीत ती घरी आल्यावर आम्ही ही कार्डांची पद्धत बसवली, आणि आता दरवर्षी चालवतो.

खेळ ज्यांना नवा आहे त्यांच्यासाठी अडचण थोडक्यात सांगते. कॉलेज फुटबॉलच्या वरच्या गटात १३० हून जास्त टीम, आणि नेहमीच्या सीझनमध्ये एकेकीच्या वाट्याला मॅच जेमतेम १२. सगळ्यांनी सगळ्यांशी खेळायचं आणि गुण मोजायचे, हे होणेच नाही. टीम आपापल्या कॉन्फरन्समध्ये खेळतात. काही कॉन्फरन्स दांडग्या, काही बेताच्या. शेवटी १३ जणांची एक समिती टेक्सासातल्या ग्रेपवाइन गावी हॉटेलात बसून क्रम लावते. १९९८ च्या सीझनपासून दोनच टीम निवडल्या जायच्या आणि त्याच फायनल खेळायच्या. २०१४ पासून २०२३ पर्यंत चार टीमची बाद फेरी, म्हणजे प्लेऑफ, आणि २०२४ पासून बारांची.

हे सगळं मला पहिल्यांदा नीट कळलं ते आमच्या ओसरीमुळे. तासगाव तालुक्यातलं आमचं गाव. जत्रेच्या आधी वडील आणि पंचमंडळी कुस्त्यांच्या जोडी लावायला ओसरीवर बसायची. मी चहा नेऊन द्यायची आणि दाराआड रेंगाळायची. कुणीतरी आपल्या भाच्याची भलामण करायचं, "पोरगं यंदा एकदाही पडलं नाही, वरच्या इनामाची कुस्ती द्या." वडील बशीतला चहा संपवायचे आणि मग विचारायचे, "कुणाकुणाशी धरलं?" बाकी काही नाही. एवढ्या एका प्रश्नावर अर्धे भाचे खाली नारळाच्या कुस्तीवर जायचे. पण ज्यांना उत्तर देता यायचं त्यांना वडील अडवत नसत, तालीम कुठली का असेना.

पहिलं काम: प्रश्न लिहून काढा

कार्डं हातात घेण्याआधी एका कागदावर मोठ्या अक्षरात लिहा, आपण काय निवडतोय: सगळ्यात ताकदवान टीम, की सगळ्यात हक्कदार टीम? हे दोन वेगळे प्रश्न आहेत आणि नव्वद टक्के भांडणं ह्यांची सरमिसळ झाल्यामुळे होतात. एकजण म्हणत असतो, "उद्या मैदानात उतरवलं तर कोण जिंकेल?" दुसरा म्हणत असतो, "आजपर्यंत कुणी काय करून दाखवलं?" दोघंही आपापल्या जागी बरोबर, आणि दोघंही एकमेकांना मूर्ख समजतात.

समितीच्या नियमांत भाषा उत्तम टीम निवडण्याची आहे. पण ठरवताना बघायचं काय, तर कॉन्फरन्सचं विजेतेपद, प्रतिस्पर्ध्यांची ताकद, आपसातल्या मॅचचा निकाल, दोघींच्या सामाईक प्रतिस्पर्ध्यांशी झालेल्या मॅच, आणि महत्त्वाचा खेळाडू किंवा कोच उपलब्ध नसणं. यातल्या पहिल्या चार गोष्टी घडून गेलेल्या आहेत. पाचवीचा रोख उद्यावर आहे. २०२३ साली सगळं घोडं या पाचवीवर अडलं.

माझं मत लपवत नाही. मी हक्कदारवाली आहे. उद्या कोण जिंकेल हेच बघायचं असेल तर मॅच कशाला खेळवायच्या, सट्टेवाल्यांना विचारा आणि ट्रॉफी कुरियरनं पाठवून द्या. आमचे हे ताकदवानवाले आहेत. लग्नाला तीस वर्षं झाली, चालतं.

दुसरं काम: नावावर पट्टी

मिशिगनशी मॅच असते त्या आठवड्यात ओहायो स्टेटच्या आवारात पाट्यांवरच्या एम अक्षरावर लाल पट्टीच्या फुल्या मारतात. आमच्याकडे त्या पट्टीची रिळं पडलेलीच असतात. तीच वापरायची. प्रत्येक टीमचं एक कार्ड करायचं, नाव सगळ्यात वर लिहायचं आणि त्यावर पट्टी लावायची. खाली क, ख, ग.

कार्डावर काय लिहायचं ते महत्त्वाचं, आणि काय नाही लिहायचं ते जास्त महत्त्वाचं. सीझनच्या आधी वर्तमानपत्रवाल्यांनी दिलेला नंबर लिहायचा नाही. गेल्या वर्षी काय केलं ते लिहायचं नाही. कोचला किती पगार आहे, स्टेडियममध्ये किती लाख माणसं बसतात, काही नाही. लिहायचं ते एवढंच: मॅच किती, हार किती, सगळ्यात मोठे तीन विजय कोणावर आणि कुठल्या मैदानात, हार कोणाकडून, कुठे, कधी आणि किती फरकानं, कॉन्फरन्स जिंकली का. आमच्या पहिल्या बैठकीत दोन कार्डं अशी होती. (१३-० म्हणजे तेरा विजय, शून्य हार.)

क: १३-०. कॉन्फरन्स विजेती. ९-३ वाल्या टीमला तटस्थ मैदानात ४५-२४ नं हरवलं. १०-३ वाल्या टीमला तटस्थ मैदानात १६-६ नं हरवलं. ८-४ वाल्या टीमला तिच्या घरी, जादा वेळेत ३१-२४ नं हरवलं.

ख: १२-१. कॉन्फरन्स विजेती. तोवर एकही न हरलेल्या पहिल्या क्रमांकाच्या टीमला तटस्थ मैदानात २७-२४ नं हरवलं. १०-२ वाल्या टीमला घरी २४-१० नं हरवलं. ९-३ वाल्या टीमला घरी ४२-२८ नं हरवलं. हार: सप्टेंबरात, स्वतःच्या घरी, ३४-२४.

शेजारच्या वहिनींना फुटबॉल म्हणजे काय ते आजही माहीत नाही. त्यांनी दोन्ही कार्डं दोनदा वाचली आणि ‘क’वर बोट ठेवलं. त्यांचे मिस्टर इंजिनिअर, त्यांनी लगेच ‘ख’वर. कारण विचारलं तर म्हणाले, "पहिल्या नंबरला पाडलंय ना, मग संपलं." वहिनी म्हणाल्या, "पण घरी हरलेत की!" पट्टी न काढता अर्धा तास वाद झाला. ज्यांनी ओळखलं असेल त्यांच्यासाठी: क म्हणजे फ्लोरिडा स्टेट, ख म्हणजे अलाबामा. पट्टी असताना वाद अर्धा तास चालला. पट्टी काढल्यावर इंजिनिअर म्हणाले, "हां, अलाबामा आहे होय, मग तर प्रश्नच नाही." हे वाक्य ऐकू येऊ नये म्हणूनच ती पट्टी.

दोन्ही कार्डांवरची ९-३ वाली टीम एकच आहे, एलएसयू, म्हणजे लुइझियाना स्टेट. असा सामाईक प्रतिस्पर्धी सापडला की त्याखाली रेघ मारा, कारण अंदाज कमी आणि निकाल जास्त अशी जागा फार वेळा मिळत नाही. फ्लोरिडा स्टेटनं त्यांना ऑरलँडोला २१ गुणांनी हरवलं. अलाबामानं आपल्या मैदानात १४ नं, तेही एलएसयूचा क्वार्टरबॅक (चेंडू फेकून टीमचा खेळ चालवणारा मुख्य खेळाडू) चौथ्या भागात मार बसून बाहेर गेलेला असताना. त्याच क्वार्टरबॅकला त्या वर्षी हाइझमन मिळाली, म्हणजे देशातल्या सर्वोत्तम खेळाडूचं बक्षीस. मात्र फ्लोरिडा स्टेट तेव्हा आपल्या पहिल्या क्वार्टरबॅकसह खेळत होती, हेही त्याच रेघेखाली लिहा.

तिसरं काम: शून्य सोलून बघा

शून्य हार हे उत्तर नाही, तो वडिलांच्या प्रश्नाचा पहिला भाग आहे. कुणाकुणाशी धरलं? त्याच २०२३ साली आणखी एक टीम १३-० होती, लिबर्टी. तिच्यासाठी कुणी रडलं नाही, आणि माझ्या मते रडायचं कारणही नव्हतं. समितीनं तिला २३ वं ठेवलं. पुढे फिएस्टा बोलमध्ये (बोल म्हणजे सीझननंतरची खास मॅच) ओरेगननं ४५-६ नं धुतलं.

प्रतिस्पर्ध्यांची ताकद हातानं काढायची तर साधा हिशोब आहे, आणि त्यात एक चूक सगळे करतात. सगळ्या प्रतिस्पर्ध्यांचे विजय आणि पराभव मांडायचे, बेरीज करायची, टक्का काढायचा. चूक ही, की आपल्या टीमशी झालेली मॅच वगळायला विसरतात. जी टीम एकदाही हरली नाही तिच्या प्रत्येक प्रतिस्पर्ध्याच्या खात्यात एक हार तिनंच घातलेली असते. ती मोजली तर जिंकल्याबद्दल दंड होतो. फ्लोरिडा स्टेटचे दोनच प्रतिस्पर्धी घेऊन बघा: एलएसयू ९-३, लुइव्हिल १०-३. मिळून १९-६, म्हणजे ७६ टक्के. आता फ्लोरिडा स्टेटशी झालेली एकेक मॅच काढा: ९-२ आणि १०-२. मिळून १९-४, म्हणजे ८२.६ टक्के. साडेसहा टक्क्यांचा फरक नुसत्या मांडणीचा. पगारपत्रकात अशी चूक केली असती तर सोमवारी माझ्या टेबलापाशी रांग लागली असती.

खालच्या विभागातल्या टीमशी झालेली मॅच बाजूला ठेवा. मोठ्यामोठ्या टीम वर्षातून अशी एखादी घरगुती मेजवानी ठेवतातच. १८ नोव्हेंबर २०२३ ला फ्लोरिडा स्टेट नॉर्थ अलाबामाशी आणि अलाबामा चॅटनूगाशी खेळत होती. दोन्ही त्याच जातीच्या, दोघींनाही श्रेय नाही. नशिबाचा भाग एवढाच की फ्लोरिडा स्टेटच्या क्वार्टरबॅकचा पाय त्या असल्या मॅचमध्ये गेला.

टक्केवारी झाली की माझी स्वतःची एक चाळणी आहे. शून्य हारवाल्या टीमनं, त्या रविवारपर्यंत नऊ किंवा जास्त मॅच जिंकलेल्या दोन वेगवेगळ्या टीमना हरवलेलं पाहिजे, आणि त्यातली किमान एक मॅच स्वतःच्या मैदानाबाहेर. चाळणीतून पार झाली, की माझ्या हिशोबी एक हारवालीच्या पुढे. मग ती एक हारवाली कितीही मोठ्या घराण्यातली असो.

लावून बघा. लिबर्टी २०२३: न्यू मेक्सिको स्टेटला दोनदा हरवलं, पण टीम एकच, आणि दोन्ही वेळा घरीच. अडकली. सिनसिनाटी २०२१: नोत्र दामला त्यांच्या घरी, साउथ बेंडला जाऊन २४-१३ नं हरवलं, त्यांची त्या रविवारपर्यंतची तेवढीच हार. शिवाय ह्यूस्टनला हरवलं. पार. समितीलाही तसंच वाटलं आणि लहान कॉन्फरन्समधली पहिली टीम चारांत गेली. फ्लोरिडा स्टेट २०२३: एलएसयू आणि लुइव्हिल, दोन्ही तटस्थ मैदानात. पार.

आणि यूसीएफ (युनिव्हर्सिटी ऑफ सेंट्रल फ्लोरिडा) २०१७? इथे माझी चाळणी मला छळते. ते १२-० होते. मेम्फिसला दोनदा आणि साउथ फ्लोरिडाला एकदा हरवलं, दोघींचे विजय नऊ किंवा जास्त, पण तिन्ही मॅच ऑरलँडोत, म्हणजे घरी. अडकले. जॉर्जिया टेकसारख्या मोठ्या कॉन्फरन्समधल्या टीमशी मॅच होती ती इर्मा वादळानं रद्द झाली, त्यात त्यांचा काय दोष? समितीनं त्यांना १२ वं ठेवलं. मग १ जानेवारीला त्यांनी ऑबर्नला ३४-२७ नं हरवलं, आणि ऑबर्ननं त्याच सीझनमध्ये जॉर्जिया आणि अलाबामा दोघांना पाडलेलं होतं. फायनल कोण खेळलं? जॉर्जिया आणि अलाबामा. अलाबामा तर ऑबर्नकडून हरल्यामुळे स्वतःच्या कॉन्फरन्सची फायनलसुद्धा खेळली नव्हती, तरी चौथ्या नंबरवर आत आली आणि अजिंक्यपद घेऊन गेली. यूसीएफनं मग स्वतःच स्वतःला राष्ट्रीय विजेते जाहीर केलं. लोक हसले. मी नाही हसले.

चौथं काम: हार वाचायला शिका

हारीचे चार प्रश्न: कोणाकडून, कुठे, कधी, कितीनं. सप्टेंबरातली हार लोक माफ करतात, नोव्हेंबरातली करत नाहीत. मला हा भेद फारसा पटत नाही, विजय सगळ्या महिन्यांत सारखाच मोजायचा तर हारही मोजा. पण कोणाकडून आणि कुठे हे फार बोलतं. अलाबामाची हार टेक्ससकडून, स्वतःच्या मैदानात. आणि टेक्ससही १२-१ आणि आपल्या कॉन्फरन्सची विजेती. म्हणजे अलाबामाला आत घ्यायचं तर टेक्ससला आधी घ्यावंच लागतं. तिथेच २०२३ ची गाठ बसली. मिशिगन आणि वॉशिंग्टन दोघी १३-०, त्यांना कोण हलवणार? उरल्या दोन जागा. अलाबामाचं नाव लिहिलं की टेक्सस आपोआप आलं आणि पान भरलं. समितीनं मिशिगन, वॉशिंग्टन, टेक्सस, अलाबामा असा क्रम लावला आणि फ्लोरिडा स्टेट पाचवी. मोठ्या पाच कॉन्फरन्सपैकी एखादीची एकही न हरलेली विजेती बाहेर राहण्याची चारांच्या प्लेऑफमधली ती पहिलीच वेळ.

दोनांच्या काळात हे आधी झालेलं होतं. २००४ साली ऑबर्न एकही मॅच हरली नव्हती, पण यूएससी (सदर्न कॅलिफोर्निया) आणि ओक्लाहोमाही नव्हत्या, आणि जागा दोनच. तिथे निदान तिघी सारख्या होत्या. २००८ ची यूटा बघा: सीझनअखेर सगळ्यांमध्ये एकटीच बिनहारीची, आणि फायनल खेळल्या एकेक हारवाल्या फ्लोरिडा आणि ओक्लाहोमा. यूटानं शुगर बोलमध्ये अलाबामाला ३१-१७ नं हरवून गाशा गुंडाळला.

हार वाचताना साखळी मात्र लावत बसू नका. अमक्यानं तमक्याला हरवलं, तमक्यानं ढमक्याला, म्हणून अमका ढमक्याहून मोठा. २०२३ ची साखळी सांगते: लिबर्टीनं न्यू मेक्सिको स्टेटला हरवलं. न्यू मेक्सिको स्टेटनं ऑबर्नला ऑबर्नच्याच घरी ३१-१० नं हरवलं. पुढच्याच शनिवारी ऑबर्ननं अलाबामाला जवळजवळ हरवलं होतं. चौथा डाउन, म्हणजे शेवटचा प्रयत्न, गोलरेषा ३१ यार्ड दूर, एक फेक आणि टचडाउन, २७-२४. तो चेंडू हातातून निसटला असता तर साखळीनं लिबर्टी अलाबामाच्या वर. इंजिनिअर शेजाऱ्यांनी ही साखळी कागदावर बाणांसकट काढली होती. मी ती मिसळीच्या वाटीखाली ठेवली.

दुखापतीचं काय

इथे थांबून नीट विचार करा, कारण यावरच सगळ्यात जास्त आवाज चढतात. फ्लोरिडा स्टेटचा पहिला क्वार्टरबॅक गेला, दुसऱ्यानं फ्लोरिडाला तिच्या घरी हरवलं, मग त्याच्याही डोक्याला मार बसला, आणि कॉन्फरन्सची फायनल तिसऱ्यानं, पहिल्या वर्षाच्या पोरानं, खेळली. १६-६. बघायला रटाळ होती, कबूल. समिती म्हणाली, ही आता ती टीम राहिली नाही.

आता आमच्या घरातलं उदाहरण, आणि हे ह्यांच्या समोर मोठ्यानं वाचायचं असतं. २०१४, ओहायो स्टेट. पहिला क्वार्टरबॅक ऑगस्टमध्येच खांद्यानं गेला. दुसऱ्याचा घोटा मिशिगनशी खेळताना मोडला. कॉन्फरन्सची फायनल तिसऱ्यानं खेळली. ५९-० नं जिंकली. शिवाय त्यांच्या खात्यात व्हर्जिनिया टेककडून घरी झालेली ३५-२१ अशी हार होती, आणि त्या टीमनं नेहमीचा सीझन जेमतेम सहा-सहावर संपवला. तरी समितीनं त्यांना चौथं घेतलं. आदल्या आठवड्यात तिसरी असलेली टीसीयू (टेक्सस ख्रिश्चन युनिव्हर्सिटी) शेवटची मॅच ५५-३ नं जिंकूनही सहावी झाली. ओहायो स्टेटनं मग अलाबामा आणि ओरेगनला हरवून अजिंक्यपद आणलं. ह्यांचा त्या वेळचा स्वेटशर्ट अजून धुवायला देत नाहीत.

फरक काय? एकानं ५९-० नं जिंकलं, दुसऱ्यानं १६-६ नं. म्हणजे दुखापत मोजली नाही, थाट मोजला. माझा नियम म्हणून असा आहे: दुखापतीमुळे टीमचा क्रम खाली सरकवा हवा तर, पहिलीची चौथी करा, पण आत असलेलीला बाहेर काढू नका. जो खेळाडू नाही त्याच्याविना ती जिंकली का, एवढंच बघा. जिंकली असेल तर प्रश्न मैदानात सुटलेला आहे.

आपली टीम असेल त्यानं स्वयंपाकघरात जायचं

खऱ्या समितीतही ज्याच्या कॉलेजचा विषय निघतो तो खोलीबाहेर जातो. घरी हा नियम जास्त कडक ठेवा. आमच्याकडे ओहायो स्टेटचं कार्ड टेबलावर आलं की हे कणीक मळायला उठतात. २०२४ साली त्यांनी चौदा पोळ्यांची कणीक मळली, कारण टीम दोनदा हरलेली होती, एकदा ओरेगनकडून ३२-३१ आणि एकदा सात-पाचवाल्या मिशिगनकडून स्वतःच्या घरी १३-१०, आणि चर्चा लांबली.

मोठ्या टीमच्या गावात राहण्याचा एक रोग असतो, तो हा नियम आवरतो. २०१० च्या नोव्हेंबरात ओहायो स्टेटचे तेव्हाचे अध्यक्ष म्हणाले की आमच्या कॉन्फरन्सला काही ‘लिटल सिस्टर्स ऑफ द पूअर’शी खेळावं लागत नाही. रोख टीसीयू आणि बॉइझी स्टेटवर. ही संस्था खरी आहे, वृद्धांची सेवा करणाऱ्या ख्रिस्ती जोगिणींची. पुढच्या रोझ बोलमध्ये टीसीयूनं आमच्याच कॉन्फरन्सच्या विस्कॉन्सिनला २१-१९ नं हरवलं आणि सीझन १३-० वर संपवला. मग कोलंबसच्या रस्त्यांवर डिजिटल फलक लागले: टीसीयूचं अभिनंदन, खाली सही लिटल सिस्टर्स ऑफ द पूअर. अध्यक्षांनी आधीच माफी मागितली होती, तरी गाव वर्षभर हसलं.

बारा झाल्यावर काय बदललं

आता मोठ्या कॉन्फरन्सची बिनहारीची विजेती बाहेर राहायची भीती जवळजवळ संपली. २०२४ आणि २०२५ ला क्रमात सगळ्यात वरच्या पाच कॉन्फरन्स विजेत्या थेट आत गेल्या, बाकी सात समितीच्या मर्जीनं. भांडण खाली सरकलं, दोन हारी की तीन, यावर आलं. कार्डं तशीच चालतात, फक्त चाळणीऐवजी आता हारींची तुलना जास्त करावी लागते. बिनहारीची टीम लहान कॉन्फरन्समधली असली तर मात्र त्या दोन वर्षांतही विचारावं लागायचं, वरच्या पाच विजेत्यांत ती बसते का.

२०२४ नं आमच्या घरात माझी पंचाईत केली. ओरेगन १३-०, पहिला क्रमांक, आणि दोन हारींच्या ओहायो स्टेटनं त्यांना रोझ बोलमध्ये ४१-२१ नं उडवलं आणि शेवटी अजिंक्यपद घेतलं. हे आठवडाभर "ताकदवान, ताकदवान" म्हणत फिरत होते. २०२५ ला इंडियाना. आदल्या वर्षी ११-१ होते तेव्हा सगळे म्हणायचे, कुणाशी धरलं? बरोबरच विचारत होते. या वेळी त्यांनी इंडियानापोलिसला तेव्हा एकही न हरलेल्या ओहायो स्टेटला १३-१० नं हरवून उत्तर दिलं, आणि पुढे १६-० नं अजिंक्यपद. त्या आठवड्यात मी काही बोलले नाही. नुसती शीळ घालत होते.

शेवटचं काम: पाकीट बंद

निकाल लागला की कार्डं पाकिटात घाला, डिंकानं चिकटवा, वर तारीख घाला. मोठ्या बोलच्या मॅच सुरू होण्याआधी. पुढे काय झालं त्यावरून आज काय बरोबर होतं हे ठरवायचं नाही, हा नियम मी स्वतःला घातलाय, आणि म्हणूनच यूसीएफच्या त्या ३४-२७ चा आधार मला घेता येत नाही.

आमच्या पहिल्या पाकिटावर २३ डिसेंबर २०२३ ही तारीख आहे, मुलीच्या अक्षरात. मतदानाच्या वेळी ती स्वयंपाकघरात होती. हे नव्हते, ओहायो स्टेट त्या वर्षी मिशिगनकडून हरून आधीच बाहेर पडलेली. तीन विरुद्ध एक असा निकाल लागला: मिशिगन, वॉशिंग्टन, टेक्सस, फ्लोरिडा स्टेट. विरोधातलं मत इंजिनिअरांचं. ह्यांनी फ्लोरिडा स्टेटला मत का दिलं ते मी अजून विचारलेलं नाही, तेव्हा ती चहा गाळत होती आणि दार उघडं होतं.

सात दिवसांनी, ३० डिसेंबरला, ऑरेंज बोलमध्ये जॉर्जियानं फ्लोरिडा स्टेटला ६३-३ नं हरवलं. दोन डझनांहून जास्त खेळाडू उतरलेच नव्हते, पण फळ्यावर ६३-३ हेच. इंजिनिअर शेजाऱ्यांचा मेसेज आला, नुसता आकडा. मुलगी उठली, फ्रिजवरचं पाकीट काढलं, उलटंपालटं करून चिकटवलेली कड बघितली, आणि पिठाच्या डब्यामागे ठेवून दिलं. अजून तिथेच आहे.